खाडीपल्याडचा श्रोता

जागृतीने तो आवाज पहिल्यांदा ऐकला, तेव्हा चिनी मालिकेतला नदीचा देव मरून पडला होता आणि ती त्याच्यासाठी खरोखरच रडत होती.

पौषातली सकाळ. उरणच्या मिठागरांमागचा खाडीचा बांध धुक्यात असा बुडालेला, की स्वतःचे पाय दिसू नयेत. घरात भावाची गाणी आणि आईची बडबड. म्हणून ती रोज उजाडताना बांधाच्या टोकाला येऊन बसायची आणि मालिकेचा एकेक भाग आगरी बोलीत सांगून मोबाइलवर रेकॉर्ड करायची. चिनी नावं तिच्या जिभेवर बसत नसत. त्यामुळे पांढऱ्या झग्यातला, कमरेपर्यंत केस सोडलेला तो देव तिच्या तोंडी ‘लांबकेश्या’ झाला होता. ऐकणारे होते साठेक जण, त्यातल्या निम्म्या तिच्या मावश्या. पण वेड ते वेड! एका मुलीला तीन जन्म शोधत फिरणारा पुरुष पाहिल्यावर बघायला आलेले मुलगे नजरेत भरतात कशाला? जागृतीने दोन स्थळं त्याच्यापायी परत पाठवली होती.

“...नि लांबकेश्याचा हात तिच्या हातातून सुटला,” ती म्हणाली आणि नाक ओढून थांबली.

“मंग? पुढं काय जालं?”

आवाज पाण्यावरून आला होता. घोगरा, ओलसर... आणि अगदी कानाशी. ती चपला हातात घेऊन जी पळत सुटली, ती थेट शेजारच्या नीराबाईच्या ओट्यावर. नीराबाई मासळीची पाटी भरत होती. तिने सगळं ऐकलं आणि हातातला बोंबील खाली ठेवला.

“पल्याड कोन नाय ग पोरी. भरतीचं पानी अडवाची दारं हायत ना, त्या उघाडीवरचा राखणदार उधाणात गेला. तीन वर्सं जाली, मढंपन गावलं नाय. पान्यातला गिऱ्हा असल तो. नाव घेऊन हाका मारतो, पून दोनच. तिसरी हाक फकस्त मानूस मारतो. तिसरी ऐकल्याबिगर ओ देवाची नाय!”

धुकं उठल्यावर जागृतीने लांबूनच पाहिलं. पल्याड राखणदाराची खोपी होती आणि तिच्या दाराला कुलूप होतं.

शहाण्या मुलीने दुसऱ्या दिवशी तिकडे फिरकू नये. जागृती गेली. वर केस विंचरून गेली.

“लांबकेश्या मेला नाय,” तिने मोबाइलला सांगितलं, जरा मोठ्यानेच.

“बरं जालं,” धुकं म्हणालं. आज आवाज तरुण वाटला... जरासा हसरासुद्धा.

तिने उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायचं नव्हतंच, फक्त गोष्ट सांगायची होती. गोष्टीला कुणाची बंदी?

“ती पोर दिसाया कशी हाय?” धुक्याने विचारलं.

“काही जन इचारतील, पोर दिसाया कशी,” जागृती मोबाइलला म्हणाली. “बरी हाय. नाक जरा बसकं हाय.”

“बसकं नाक चांगलं. रागानं फुगलं तरी लोकांना कलत नाय.”

तिने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला, तरी हसू फुटलंच. धुक्यात कुठेतरी काहीतरी थेंब थेंब गळत होतं.

“तो मानूस नाय, हे तिला ठावं हाय?” आवाज अगदी हळू आला.

“ठावं हाय,” जागृती म्हणाली. “पून मन ऐकत नाय...”

आणि मग पहिल्यांदाच ती हाक आली. “जागृती...”

रोज रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आपण स्वतःच आपलं नाव सांगतो, हे तिला त्या क्षणी आठवलं नाही.

“जागृती...”

ती तिसऱ्या हाकेची वाट बघत राहिली. देवा, मार रे! एकदाच मार! पण पल्याड सगळं चिडीचूप झालं होतं.

रोज असंच होऊ लागलं. दोन हाका, आणि पुढे काही नाही. जागृतीला घास गोड लागेना. आई म्हणाली, पोरीला दृष्ट लागली. जागृतीला मात्र कळून चुकलं होतं, की आपण एका आवाजावर जीव टाकून बसलो आहोत आणि त्या आवाजाला देह नाही. लांबकेश्यासाठी रडणं सोपं होतं, मोबाइल बंद केला की तो जायचा. हा जात नव्हता.

अमावस्या तोंडावर आली, उधाण चढू लागलं. त्या सकाळी उन्हं वर आली तरी धुकं हलत नव्हतं. जागृती गोष्टीच्या ऐन रंगात होती, तेवढ्यात हाक आली.

“जागृती!”

आज त्यात लाडीगोडी नव्हती.

“जागृती!” दुसरी हाक फाटक्या आवाजात आली.

तिने वाट पाहिली. तिसरी आली नाही. पाठीमागे मात्र बांधाच्या पोटातून खळखळ ऐकू येऊ लागली. मालिकेतली मुलगी पहिल्याच हाकेला ओ द्यायची आणि तीन जन्म भोगायची. जागृती दर वेळी पडद्यावर ओरडायची, देऊ नको ग बाई! आता ती स्वतःच उठून उभी राहिली. गिऱ्हा असेल तर बुडेन. पण तो असेल, आणि मी गप्प राहिले तर?

“ओ!” ती सगळा जीव एकवटून ओरडली.

“मागं खांड पडली! बांध फुटला! तिथंच उभी ऱ्हा!”

धुक्यातून होडी आली. चिखलाने माखलेल्या हाताने तिला ओढून आत घेतलं आणि ती बसली होती ती माती डोळ्यांदेखत ढासळली. जागृतीने वडिलांना फोन लावला, माणसं घेऊन या म्हणून सांगितलं. मग ती होडीच्या दुसऱ्या टोकाला सरकली.

“पाय दाखव.”

“आं?”

“पाय दाखव आधी!”

त्याने गमबूट काढले. पाय सरळ होते, अंगठ्याला पट्टी होती.

“आता तुजे पाय,” तो म्हणाला. “मी प्रज्योत. उघाडीचा राखणदार माजा मामा व्हता, आता मी बघतो. धुकं असतानाच कंटेनर यार्डात कामावर जातो, कुलूप लावून. रोज धुक्यात बसून एकटीच रडत गोष्टी सांगते... मी बोललो, हडळ हाय ही. पून सांगते झकास!”

“मंग तिसरी हाक कवा मारली नाय?”

“आमच्याकडं दोन हाकांना ओ नाय आली, तर तिसरी मारत नाय. ते मानूस नसतं. तिसऱ्या हाकेला घरापरयंत येतं.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि खो खो हसत सुटले. एवढीशी खाडी, आणि दोन काठांनी मिळून त्यांना जवळजवळ मारलंच होतं!

“पहिल्या दिवशी ‘पुढं काय जालं’ बोललास ना, माजी बोबडीच वलली व्हती,” ती डोळे पुसत म्हणाली.

प्रज्योतचं हसू थांबलं. “मी नाय बोललो. मी इथं नवा आलो दुसऱ्या दिशी, तवा तू बोललीस, लांबकेश्या मेला नाय.” त्याने खोपीकडे पाहिलं. “मामाला... गोष्टींचा लय नाद व्हता.”

होडीखालचं पाणी एकदम गार वाटलं.

धुकं विरळ होत होतं. बांधावर मातीच्या गोण्या घेऊन माणसं धावत येत होती, त्यांच्यात जागृतीची आईही होती. आई मधेच थांबली आणि कपाळावर हात धरून होडीकडे बघू लागली.

“सगलं गाव बघते,” तो पुटपुटला. “मी तुला उतरवून निघून जाऊ का?”

जागृतीने त्याचा चिखलाचा हात सगळ्यांसमोर घट्ट धरला.

“बस गप. मना तू आवडतोस,” ती म्हणाली. “मेलेला व्हतास, तवापन आवडत व्हतास.”