निळं टिकलं तर...

पहिल्याच भेटीत चंपाने त्याच्यासमोर नाकाला पदर लावला. परळच्या पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेचं दार तिने उघडलं आणि एक उंच, सावळा तरुण तिच्यावर आदळता आदळता राहिला... हातात सांडपाण्याची बाटली!

"घाबरू नका हो बाई, धुतलेलं पाणी आहे," तो हसला. "वास आला तर नावाचा रामदास नाही."

वास आला नाही. नाव मात्र मनातून जाईना.

शहराबाहेर तलावाकाठी त्याची कामगारवस्ती होती. वस्तीचं सांडपाणी खडीच्या थरांतून गाळून, त्याला हवा देऊन मगच तलावात सोडायची नवी योजना तिथे सुरू झाली होती आणि तिची राखण रामदासकडे होती. त्याच तलावाचं पाणी मुंबई पीत होती, म्हणून तपासणी कडक. चंपा बाटलीत निळ्या रंगाचे थेंब टाकून ती बंद ठेवायची. पाच दिवस निळं टिकलं तर पाणी चांगलं, उडालं तर कुजकं.

दर खेपेला रामदास निकाल विचारायला यायचा आणि निकाल ऐकूनही हलायचा नाही.

"टिकलं म्हटलं ना? आता जा की."

"जातो... तुमच्याकडे चहा मिळतो का हो?"

"आमच्या आईच्या हातचा मिळतो. तिच्या हातचं लाटणंही मिळतं!"

जानेवारीत मात्र थट्टा संपली. प्रयोगशाळेच्या साहेबांनी सांगून टाकलं, या खेपेला निळं उडालं तर योजना बंद आणि वस्ती उठवायची. नमुना आजच हवा. वस्ती उठली की रामदास कोकणात गावी जाणार, हे चंपाला कुणी सांगायला नको होतं. आणि नेमका त्याच दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ! लालबागेत दगड, अश्रुधूर, गोळीबार...

तरी सकाळी तो सायकल मारत आला. चंपाने बाटली उजेडात धरली. बुचाखाली बोटभर जागा रिकामी होती.

"ही कुणी भरली?"

"मीच. कोंडीरामकाका भरतात नेहमी, ते आज मोर्च्याला गेले. का हो? हंडा भरतो तशीच भरली. जिन्यात सांडू नये म्हणून थोडी जागा ठेवतोच ना आपण?"

ठेवतोच. चाळीत वाढलेल्या प्रत्येकाच्या हातात ती सवय मुरलेली असते. पण या बाटलीत हवा राहिली की घाण पाणीसुद्धा निळंच राहतं. निकाल चांगलाच लागला असता, वस्ती वाचली असती आणि रामदासही इथेच राहिला असता. साहेब अजून आले नव्हते. कुणाला कळणार होतं?

"रामदास..." चंपाने बाटली खाली ठेवली. "हे पाणी माझी आईही पिते. दुसरं आणा. काठोकाठ भरून."

"आत्ता? बाहेर गोळ्या चालल्यात, चंपाबाई."

तिने मान खाली घालून रिकामी बाटली पुढे केली. ती घेऊन तो निघून गेला.

मग तिच्या जिवाची जी घालमेल सुरू झाली! लांबून फट्‌ असा आवाज आला की ती खिडकीशी धावायची. आपणच त्याला आगीत धाडलं... दुपारी झाडणारी जाईबाई धापा टाकत आली. "नाक्यावर एक सायकलवाला पडला गं बाय!" चंपा पुन्हा खिडकीशी धावली. कोण, कसा, हे विचारायचाही तिला धीर होईना.

उन्हं कलली तेव्हा दार वाजलं. सदऱ्याची बाही फाटलेली, गुडघा सोललेला, आणि ओल्या पंच्यात गुंडाळलेली बाटली छातीशी.

"मी पडलो. ही नाही पडली. थेंब सांडला नाही बघा."

तिने बाटलीकडे पाहिलंही नाही. "मेलं ते पाणी! तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं रे?"

"मग धाडलंस कशाला?"

"नसतं धाडलं तर... जन्मभर तुझ्या तोंडाकडे बघता आलं नसतं मला."

रामदास बाटली टेबलावर ठेवून मागे सरला. मग हळूच म्हणाला, "पाचव्या दिवशी येतो. निळं उडालं तर निरोप घ्यायला. टिकलं तर..."

"तर?"

"तुझ्या आईच्या हातचा चहा प्यायला."

त्या दिवसांत चंपा येता-जाता बाटली बघायची. पाचव्या दिवशी तो उंबऱ्याबाहेरच थांबला. आत यायचा त्याला धीर होईना. चंपाने खिडकीतली बाटली उचलली आणि दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरली. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पण ती हसत होती.

"चल," ती म्हणाली, "आई घरीच आहे. लाटणं मी लपवून ठेवलंय."