धुरकट काच

"बाबा अजून सापडेनात हो मॅडम." मुलीचा तिसरा फोन आला, तेव्हा फौजदारबाई स्वतःच निघाल्या. म्हातारा हृदयाचा रोगी, गोळ्या उशाशीच राहिलेल्या, आणि आज शुक्रवार उजाडला होता. कालपासून शिपायांनी नदीकाठ आणि स्टेशन पालथं घातलं होतं. घरामागच्या कोठाराकडे मात्र कुणी फिरकलं नव्हतं. बाहेरून कुलूप दिसलं की शिपाई खूश असतात.

म्हाताऱ्याच्या खोलीत फळीभर छोटी विमानं होती. टेबलावर सगळ्यात नवं मॉडेल: नौदलाचं दोन सीटचं प्रशिक्षण जेट. शेपटीखाली जहाजावरची तार पकडायचा आकडा, पुढे शिकाऊ वैमानिक, मागे शिक्षक. दोघंही नखाएवढे.

"हा पुढचा कोण?"

"माझा चुलतभाऊ," मुलगी म्हणाली. "काकांचा एकुलता एक. दोन वर्षांपूर्वी अशाच विमानात गेला. बाबांनी फोटोवरून त्याचा चेहरा रंगवलाय."

काका दाराशीच उभे होते. विमा कचेरीतला साधा कारकून, डोळे सुजलेले. अंगठ्यावरची पांढरी खपली ते नखानं खरवडत होते.

"भावाला शेवटचं कधी पाहिलंत?" बाईंनी विचारलं.

"बुधवारी. पाचला इथून निघालो, सहाच्या गाडीनं बहिणीकडे गेलो. आज सकाळी परत आलो."

"तेव्हा हे विमान पुरं झालं होतं?"

"छे. वरचं पारदर्शक झाकण डबीतच होतं. दादा म्हणाला, अजून एक संध्याकाळ जाईल."

"बुधवारी दुपारी मीही डबीत पाहिलं," मुलगी म्हणाली. "रात्रपाळी करून गुरुवारी सकाळी आले तर विमान तयार, आणि बाबा नाहीत."

बाईंनी मॉडेल खिडकीशी नेलं. फळीवरच्या विमानांच्या सगळ्या काचा लख्ख होत्या. हिच्यावर मात्र आतून दुधाची साय धरल्यासारखी दिसत होती.

"बाबा काच कशानं चिकटवायचे?"

"पांढऱ्या गोंदानं. मग रात्रभर कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. सुपरग्लू काचेजवळ दिसला तरी खवळायचे. त्याच्या वाफेनं काच..." ती अडखळली. "काच आतून पांढरी होते."



"म्हणजे हे झाकण तुझ्या बाबांनी लावलेलं नाही," बाई म्हणाल्या. "लावणाऱ्याला हे काम ठाऊक नव्हतं आणि वेळही नव्हता. त्याला गाडी गाठायची होती. विमान पुरं दिसलं की आपण समजणार, म्हातारा बुधवारी संध्याकाळभर इथं बसला होता. समजलोही. यात फायदा एकाचाच, पाचला निघालो म्हणणाऱ्याचा. काका, अंगठा बघू."

काकांनी मूठ आवळली. मग ती आपोआप सुटली.

"त्याला हात जोडले होते मी," ते म्हणाले. "म्हटलं, माझ्या पोराला परत त्या विमानात बसवू नकोस. ऐकेना. रंगाची डबी आणायला कोठारात गेला, तिथंही तेच बोलणं. रागात ढकललं. कोठाराखालच्या तळघराच्या पायऱ्यांवरून थेट पायथ्याशी गेला. नाडी लागेना. घाबरलो, तळघराला कडी लावली, कोठाराला कुलूप घातलं. आणि मग इथं येऊन पोरावर झाकणही मीच लावलं."

"किल्ली," बाई म्हणाल्या.

मुलगी पुढे धावली. कोठाराचं कुलूप निघालं, तळघराची कडी निघाली. दार ओढताच म्हाताऱ्याचा हात बाहेर पडला. तो सगळ्यात वरच्या पायरीवर होता. अंग थंडगार पडलं होतं, दाराच्या आतल्या बाजूला ओरखडे होते.

"मी त्याला खाली सोडलं होतं," काका पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. "अगदी खाली होता तो."

मुलीनं बापाचं डोकं मांडीवर घेतलं. रडूही येईना तिला.

"काल दुपारी मी इथंच बाहेर कपडे वाळत घातले, मॅडम," ती म्हणाली. "रेडिओ लावून."