आरशापुढचं ताट

भरवसा कशावर ठेवावा, सांगा पाहू? माणसाच्या चेहऱ्यावर, की हातावर? गुलमंडीत पूर्वी सांडूशेठ म्हणून एक किराणावाले होते. गिऱ्हाईक आलं की ते तोंडाकडं बघायचेच नाहीत, पिशवी कोणत्या हातानं पुढं येते तेवढं बघायचे. म्हणायचे, चेहरा काय, घरून घालून येता येतो. हाताला सवय असते. लोक त्यांना हसायचे. बजाजनगरच्या तनुजाचं जे झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं, नाहीतर हसले नसते.

तनुजा सिल्लोडकडची. भाऊ शिवराज वाळूजला कंपनीत, त्याच्या दोन खोल्यांत राहून ती बी.एस्सी. करत होती. पोरगी व्यवहाराला पक्की. भाजीवाल्यानं काटा टेकवला तर तिला आवाजावरून कळायचं. पण ऑरगॅनिक केमिस्ट्रीनं तिला दोनदा लोळवलं होतं. घरून स्पष्ट निरोप होता : या खेपेला विषय राहिला तर पुस्तकं बांध आणि घरी ये. मुकाट्यानं बांधून जाणाऱ्यांतली ती नव्हती. तिनं शहागंजच्या आफरीनशी सौदा केला.

आफरीन ऑरगॅनिकमध्ये वाघीण आणि गणितापुढं शेळी. तनुजाचं नेमकं उलटं. तेव्हा एकीनं गणितं समजवायची, दुसरीनं रेणू. उसनं घेतलेलं ज्ञान ज्ञानानंच फेडायचं, असा चोख कारभार.

पेपरच्या दोन दिवस आधी आफरीन आली ती भिजवलेले हरभरे, वाटाणे, चवळी आणि शेंगदाणे घेऊन. मधे कार्बन म्हणून पिठाची गोळी, तिला चार काड्या, चार टोकांना चार वेगळे दाणे. हे झाड तिनं लोखंडी कपाटाच्या माणसाएवढ्या आरशापुढं धरलं आणि तनुजाला म्हणाली, आता आरशातलं बघून दुसरं कर. तनुजानं केलं. मग कितीही फिरवलं, उलटंपालटं केलं, तरी एक दुसऱ्यावर बसेना.

"डावी चप्पल उजव्या पायात घालून बघ की येडे," आफरीन म्हणाली. "माल तोच, घडण उलटी."

मग तिनं दोन गोष्टी सांगितल्या. एकाच रेणूचं एक रूप पुदिन्यासारखं वास देतं आणि त्याचं आरशातलं रूप शहाजिऱ्यासारखं, कारण आपल्या नाकालाही डावं-उजवं कळतं. आणि साखर. आरशातली साखर कुणी करून खाल्लीच, तर जिभेला गोड लागेल, पण अंगी लागायची नाही. आपलं पोट एकाच हाताची साखर ओळखतं.

तनुजा हसून म्हणाली, हरभऱ्याचं बाहेर आलं तशी आरशातली आफरीन पण बाहेर काढते. एकीनं शिकवावं, एकीनं भाकऱ्या थापाव्यात. आफरीन खळखळून हसली. आरशातलीही हसली. फक्त ती थांबली जरा उशिरा. तनुजाला ते दिसलं, पण डोळ्यांचा शीण म्हणून तिनं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे पेपरच्या आदल्या दिवशी, दुपारी शिवराज दुसऱ्या शिफ्टला गेला. एप्रिलचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. वीज गेली, कूलर घरघरत थांबला, आणि त्याच्या जाळीतून पाण्याचे थेंब तेवढे ऐकू येऊ लागले. तनुजा आत भाकऱ्या करत होती, पाट्यावर पुदिन्याची चटणी वाटलेली. बाहेरच्या खोलीत आली तर आफरीन पलंगावर बसलेली.

दार तर लावलेलं होतं, असं तनुजाच्या मनात आलं. मग तिचं लक्ष गेलं. आफरीनची नाकातली चमकी उजवीकडं. घड्याळ उजव्या मनगटावर. पेन डाव्या हातात. तनुजाला हसूच फुटलं. म्हटलं, बाई कालचा धडा अंगावर घालून आली आहे, उजळणीची काय ही तऱ्हा.

"लई भारी सोंग आणलंस," ती म्हणाली. "चल, घे शिकवायला."

आणि आफरीननं शिकवलं. असं शिकवलं की जे दोन वर्षं डोक्यावरून गेलं ते तासाभरात डोक्यात बसलं. डाव्या हातानं ती एकेक रचना काढत गेली, न अडखळता. आवाज तेवढा लांबून येत होता, काचेपलीकडून बोलावं तसा.

ऊन उतरलं. आफरीन म्हणाली, भूक लागली. तनुजानं ताट दिलं. आफरीननं डाव्या हातानं भाकरी मोडली.

इथं तनुजाचं हसू गेलं. सोंग कितीही करा, आफरीन डाव्या हातानं जेवायची नाही. तिची दादी, जैतुनबी, लहानपणी त्यासाठी तिच्या हातावर उलथणं मारायची. दादीबद्दलची ही तक्रार ती सगळ्या कॉलेजला सांगत फिरायची. आणि ही डाव्या हातानं खात होती, भराभर. टोपली रिकामी झाली. शिवराजच्या वाटणीच्याही संपल्या.

"पोट भरत नाय…" ती म्हणाली. मग चटणी हुंगली. "यात शहाजिरं लई टाकलंस."

चटणीत शहाजिऱ्याचा दाणा नव्हता. खोलीभर पुदिना दरवळत होता.

तनुजानं हळूच आरशाकडं पाहिलं. आरशात पलंग होता, ताट होतं, ती स्वतः होती. पलंगावर कुणी नव्हतं.

पण पोरगी बाजारात वाढलेली. ओरडण्याआधी तिनं विचार केला, की हिला हवं काय? ती काही विचारायच्या आतच उत्तर आलं.

"मी शिकवलं… आता तू फेड. पोट भर माझं… नाहीतर जिथं भरतं तिथलं दार तुला उघडावं लागंल."

तिकडचं पोट, आणि इकडची भाकरी. अंगी लागणार कशी? तनुजानं चूल पेटवली. एक भाकरी गोल थापली, भाजली. ताट भरलं आणि ते पलंगाकडं न नेता तिनं कपाटाच्या आरशापुढं ठेवलं.

"तुझं ताट आत वाढलंय," ती म्हणाली. "बस जा."

डोळे मिटून ती काहीतरी पुटपुटली. कूलरच्या जाळीतून एक थेंब पडला. डोळे उघडले तेव्हा पलंग रिकामा होता, आणि आरशात आफरीन मांडी घालून जेवत होती. डाव्याच हातानं, पण तिथं ते शोभत होतं. इकडच्या ताटातली भाकरी अख्खी, तिकडची घासाघासानं कमी होत गेली. शेवटी तिकडचं ताट लख्ख झालं. तिनं तृप्तीचा ढेकर दिला, त्याचा आवाज मात्र आला नाही, आणि ती उठून आरशाच्या कडेपलीकडं गेली.

तनुजानं सुटकेचा श्वास सोडला. मग तिनं एक शहाणपणाचं काम केलं. पाहुणीनं काढलेल्या साऱ्या रचना खिडकीच्या उजेडावर धरून पाठच्या बाजूनं पाहिल्या आणि तशाच पाठ केल्या. उलट्याचं सुलट झालं.

सकाळी परीक्षेच्या दाराशी आफरीन भेटली. चमकी डावीकडं, चेहरा उतरलेला. काल अंगात ताप होता म्हणून येता आलं नाही, फोनही उचलवला नाही, असं तिनं सांगितलं. मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "दुपारी वेणी घालायला उठले गं… तर आरशात… जाऊ दे, तापच होता."

पेपर उत्तम गेला. तनुजा पास झाली, तीही चांगल्या गुणांनी. सिल्लोडला पेढे वाटले गेले, पुस्तकं बांधायची वेळ आली नाही. शिकवणीचं देणं म्हणून रोज संध्याकाळी ती आरशापुढं ताट ठेवते, तिकडचं लख्ख होतं, इकडचं तसंच राहतं. फुकटात फिटलेलं असं देणं कुठल्या बाजारात मिळेल? पहिल्या दिवसापासून ती मोठ्या समाधानानं हे सांगत आली आहे. अन्न टाकवत नाही, म्हणून ते अख्खं ताट मग तनुजाच जेवते.

परवा शिवराजनं विचारलं, तू आजारी आहेस का? तनुजा हसली, नाय म्हणाली, आणि सहावी भाकरी वाढून घेतली. कपडे तिच्या अंगावर लोंबायला लागले आहेत. गोड लागतं म्हणे सगळं. चटणीबद्दल तेवढी तिची तक्रार असते, की हल्ली पुदिन्यालाही दुसराच कसलासा वास येतो.

म्हणून सांगणं एवढंच. तुमच्या घरीही जेवायच्या जागेसमोर आरसा असेल. एक भाकरी एकाच खात्यावर मांडा, जिनं खाल्ली तिच्या नावावर. आरशातलीनं खाल्लेली पुन्हा आपल्या पोटात जमा धरू नका. हिशेब प्रामाणिक ठेवा.