विसावी खाट

*नियंत्रण बरणी. सोमवार. भोजन : द. न., डावा हात, अकरा मिनिटं. मृत शून्य. अंडी भरपूर.*

नागपूरच्या त्या संस्थेत, तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत, दौलतभाऊ नन्नावरे दर सोमवारी सकाळी स्टुलावर बसत, डावी बाही कोपरापर्यंत दुमडत आणि तोंडाला मलमल बांधलेली काचेची बरणी हातावर पालथी धरत. मलमलीच्या विणीतून ढेकणांच्या सोंडा खाली उतरत. भाऊ तोवर पेपरातलं राशिभविष्य मोठ्यानं वाचत. अकरा मिनिटांनी बरणी सुलटी होई. मघाचे चपटे, पोह्यासारखे ढेकूण आता डाळिंबाच्या दाण्यांसारखे टच्च फुगलेले असत.

"जेवली मंडळी," भाऊ म्हणत, आणि हाताला बाम चोळत.

अकरा वर्षं हा क्रम चालला. डॉ. उल्का देवपुजारीला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. ढेकूण पाळणारे असंच करतात. ज्याची बरणी, त्याचा हात. इथे बरणी तिची होती आणि हात भाऊंचा होता, एवढाच काय तो फरक.

*नियंत्रण बरणी. सोमवार. द. न., डावा हात, अकरा मिनिटं.*

उल्काची ढेकणांवरची गोळी निघाली त्याच वर्षी गंधरसायनाचे डॉ. हकीम संस्थेत रुजू झाले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मारायचंच तर विष का नाही?"

"विषाला ते सरावतात," उल्का म्हणाली. "पण नुसत्या रक्तावर कुणाचं भागत नाही. त्यात ब जीवनसत्त्वं पुरेशी नसतात. ढेकणाच्या पोटात एक सहवासी जिवाणू असतो, तो ती बनवून देतो. माणसानं महिन्याला एक गोळी घेतली की त्याचं रक्त पिणाऱ्या ढेकणातला तो जिवाणू मरतो. मग पिल्लू कात टाकू शकत नाही. पाच वेळा कात टाकल्याशिवाय ढेकूण वयात येत नाही, आणि वयात आल्याशिवाय वंश नाही."

"म्हणजे तू ढेकूण मारत नाहीस. त्याचा आचारी पळवतेस."

"तसं म्हणा."

"आणि हे गृहस्थ?" हकीमांनी स्टुलाकडे बोट दाखवलं.

"भाऊंना गोळी बंद आहे. तुलना करायला एक नियंत्रण बरणी साध्या रक्तावर लागते ना."

"अख्ख्या नागपुरात मीच तेवढा चविष्ट उरणार साहेब," भाऊ पेपरातून मान वर न काढता म्हणाले. तिघंही हसले. ते हसू उल्काला पुढे फार वेळा आठवलं.

निर्वंश-गोळी शहरानं डोक्यावर घेतली. खानावळी, वसतिगृहं, बसगाड्या, सगळीकडचे ढेकूण दोन वर्षांत गेले. गोळी ज्यांना चालत नव्हती ते थोडे होते : गरोदर बाया, तान्ही मुलं, मूत्रपिंडाचे रुग्ण. भाऊंची बायको सिंधू त्यांतलीच. आठवड्यातून दोनदा तिचं रक्त यंत्रातून गाळून घ्यावं लागे.

*नियंत्रण बरणी. सोमवार. द. न., उजवा हात. (डाव्यावर जागा नाही.)*

गोळी निघाल्यावर सहाव्या वर्षी ही नोंद आली. उल्कानं कंसातली ओळ वाचली आणि पान उलटलं.

त्याच आठवड्यात भाऊ तिच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. "मॅडम, क्वार्टरात ढेकणं येऊन राहिले जी. सिंधूच्या अंगावर पाहवत नाही. आधीच तिचं रक्त कमी."

"शहरात ढेकूण उरलेत कुठे, भाऊ? उरलेत ते आपल्या बरण्यांत."

"बरणीतले नाहीत हे. बरणीतले मी ओळखतो."

"ते कसं?"

"अकरा वर्षं जेवू घातलं त्यांना. आपले आळशी आहेत, ताट तोंडाशी येते. हे तुरतुरीत. अन् मॅडम, शेजारी देशकरांकडे एक नाही. भिंत एकच आहे. त्यांच्याकडे सगळे गोळीवाले. मला वाटते, गोळीवाल्यांना ते सोडून राहिले."

उल्का हसली, अगदी समजुतीनं. "भाऊ, गोळीच्या रक्तावर ढेकूण तितक्याच आवडीनं जेवतात. चारशे वेळा पाहिलंय आपण. तुमच्याच समोर, याच बरण्यांत."

"बरणीत दुसरं ताट नसते जी," भाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बामाची एक रिकामी डबी आणून दिली. झाकणाला सुईनं भोकं पाडलेली, आत घरातले चार ढेकूण, वरती चिकटपट्टीवर तारीख. "एवढे तपासून घ्या." उल्कानं डबी थंड कपाटाच्या खालच्या खणात ठेवली. जनुकांचा ठसा काढून बरणीतल्यांशी ताडून पाहायला एक दुपार पुरली असती. पण उत्तर समोर दिसत असलं की प्रश्न कोण तपासतं?

मग तिनं पत्र लिहिलं.

*मा. संचालक : श्री. नन्नावरे यांच्या निष्काळजीपणामुळे प्रयोगशाळेतील ढेकूण कपड्यांतून त्यांच्या निवासस्थानी पोहोचल्याचे दिसते. त्यांना या कामातून मुक्त करावे व निवासस्थान निर्जंतुक करण्यासाठी रिकामे करून घ्यावे.*

'दिसते' असं लिहिलं होतं. पाहिलं मात्र कुणीच नव्हतं.

भाऊंनी भांडण केलं नाही. जाताना स्टुलावरचा पेपर उचलला, घडी घातली. "बाहेर पडताना दोन धुवायचे दरवाजे, तीन कपडे बदलणं, आरशात अंग पाहणं. अकरा वर्षांत एकदा चुकलो नाही," ते म्हणाले. दारात थांबून पुन्हा म्हणाले, "मंडळी सोमवारी जेवते. विसरू नका."

*नियंत्रण बरणी. सोमवार. भोजन नाही.*
*सोमवार. भोजन नाही.*
*सोमवार. भोजन नाही.*
*सोमवार. भोजन : उ. दे., डावा हात, नऊ मिनिटं.*

दुसरा हात मिळेना, म्हणून उल्कानंच गोळी सोडली. रक्त निवळायला तीन आठवडे लागले. तेवढी उपासमार ढेकणाला काहीच नव्हे. पहिल्या दिवशी अकरा मिनिटं तिला धरवलं नाही. ती राशिभविष्य वाचत नसे.

भाऊ गेल्यावर सातव्या महिन्यात एका रविवारी सकाळी चहा गाळताना तिला मनगटावर चट्टे दिसले. तीन, एका ओळीत. तिनं पलंगाचा माथा भिंतीपासून ओढला. फटीत काळे ठिपके होते, काती होत्या, आणि सहा ढेकूण अंगाला अंग लावून बसले होते. सातव्या मजल्यावरचं नवं कोरं घर.

आधी तिच्या मनात तेच आलं, जे भाऊंबद्दल आलं होतं. बरणीतले. कपड्यांतून. मग तिनं स्वतःची रोजची उजळणी केली : दोन धुवायचे दरवाजे, तीन कपडे, आरसा. ती एकदाही चुकली नव्हती.

सोमवारी दुपारी हकीमांनी फटीतल्या ढेकणाचा ठसा काढला. "जुळत नाही. हे तुझ्या बरणीच्या गोत्रातलेच नव्हेत."

उल्का उठली. थंड कपाटापाशी गेली आणि खालचा खण ओढला.

डबीत तीन ढेकूण वाळून गेले होते. चौथा कागदासारखा पातळ झाला होता, आरपार दिसत होता. तिनं त्याच्यावर हलकेच श्वास सोडला. त्यानं एक मिशी हलवली.

ढेकूण उपाशीपोटी वर्षभर तग धरतो, हे तिनंच तीन निबंधांत लिहिलं होतं.

"हकीम," ती म्हणाली, "तुम्ही गोळी घेता ना?"

"न चुकता. का?"

"बाही वर करा."

त्यांनी काचेची एक लांब नळी घेतली. एका टोकाला हकीमांचा हात, दुसऱ्या टोकाला उल्काचा, आणि मधोमध डबीतला ढेकूण. सात महिन्यांचा उपाशी. तो आधी हकीमांच्या दिशेनं निघाला. हातापासून दोन बोटांवर थांबला. मिशा हलवल्या. वळला. आणि सबंध नळी तुडवत, मध्ये दोनदा दम खात, उल्काच्या हातापाशी आला.

"मला नाकारलं," हकीम म्हणाले. कुणी हसलं नाही. बाही खाली करत ते म्हणाले, "रक्तातलं कातडीत उतरतंच. गोळीला वास असणार. आपल्याला येत नाही, एवढंच. ज्या ढेकणांना त्या वासाचं काही वाटत नव्हतं, ते तुझ्या गोळीनं संपले. ज्यांना तो नकोसा होता, ते दुसरीकडे जेवले आणि त्यांची पोरं वाढली. वर्षाला पाच पिढ्या धर. सहा वर्षांत तीस."

"माझ्या घरात ते आधी का नव्हते?"

"येत असतील. सामानातून, नळाच्या भोकातून. थांबत नसतील. तू गोळी सोडलीस आणि थांबायला कारण मिळालं."

उल्का नळीकडे बघत होती. "शंभरात दोन माणसांना गोळी चालत नाही."

"हो."

"म्हणजे अठ्ठ्याण्णव जणांना जे चावत होते..."

"ते त्या दोघांकडे गेले. दुसरीकडे जाणार कुठे?"

तिनं सहा वर्षांत हजारो ढेकूण पाहिले होते, सगळे बरणीत. बरणीला तोंड एक, आणि तोंडाशी हात एक. समोर येईल ते खायचं, नाहीतर उपाशी राहायचं. बरणीतल्या ढेकणाला कधी कुणी विचारलंच नव्हतं की तुला काय हवं. विचारायला हवं, हे एका माणसाच्या लक्षात आलं होतं, आणि त्यानं ते पाच शब्दांत सांगितलंही होतं.

संचालकांनी अहवाल उभ्या उभ्या वाचला. "तक्रारी अठ्ठ्याण्णव टक्क्यांनी घटल्यात, डॉक्टर. अठ्ठ्याण्णव. उरलेल्या दोनसाठी मी शहराला गोळी सोडा म्हणू?"

"काहींनी सोडली तरी वाटणी होईल, सर. प्रत्येकाला थोडं थोडं चावेल."

"पाहू," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी उल्कानं घरी गोळीची पट्टी हातात घेतली. एक गोळी, आणि महिन्याभरात हे घर मोकळं. फटीतले उरलेले भिंतीतून खाली उतरतील. खाली सहाव्या मजल्यावर वाघमारेंची सून होती, तिला आठवा महिना होता. उल्का पट्टीकडे बघत बसली. मग ती तिनं पुन्हा खणात टाकली.

भाऊंचा नवा पत्ता शोधायला दोन दिवस गेले. खोलीला कुलूप होतं. घरमालकीण म्हणाली, "सिंधूताईला भरती केलं, रक्त फार उतरलं. भाऊ तिथंच असतात."

दुपारचे दोन वाजले होते. धर्मादाय रुग्णालयाच्या मूत्रपिंड विभागात एका लांब दालनात खाटा मांडल्या होत्या. अठरा रुग्ण, अठरा खाटा. सिंधू चौथ्या खाटेवर झोपली होती, चेहरा पिठासारखा. तिच्या दंडावर चट्टे होते. जुने, फिकट झालेले.

भाऊ शेवटी जास्तीच्या मांडलेल्या एकोणिसाव्या खाटेवर पडले होते. अंगात बनियन, दोन्ही हात उघडे, छातीवर पेपर.

"ते पेशंट नाहीत," नर्स हळूच म्हणाली. "आम्ही दर आठवड्याला खाटा वाफवतो, पण भिंतीतून पुन्हा येतात. हे काका रोज येऊन त्या खाटेवर झोपतात. दुपारीसुद्धा. आल्यापासून बाकीच्यांचे चट्टे कमी झालेत, म्हणून आम्ही काही बोलत नाही."

भाऊंनी डोळे उघडले. "मॅडम."

"भाऊ, गोळी आता तुम्हाला बंद नाही. तुम्ही घेऊ शकता."

"मी घेतली तर माझ्या वाटचे हिच्याकडे जातील." ते उठून बसले. "डबी तपासली का?"

"हो."

"केव्हा?"

"परवा."

भाऊंनी बोटांवर महिने मोजले आणि मोजणं अर्ध्यावर सोडलं. "कुणी जिवंत होता?"

"एक."

"त्याला वाट पाहता येते जी," ते म्हणाले. "सिंधूला येत नाही."

उल्काला माफी मागायची होती. वाक्यं तिनं रिक्षात जुळवली होती. त्यांतलं एकही आता पुरं पडेना. "तुम्ही मला सांगितलं होतं," एवढंच ती म्हणाली.

"सांगितलं होतं," भाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग उल्कानं नर्सला विचारलं, "एखादी खाट जास्तीची आहे?"

"आहे, गोदामात. पण कुणासाठी?"

भाऊंनी तिच्या मनगटाकडे पाहिलं. तिथं तीन चट्टे होते, एका ओळीत. त्यांनी पेपराची दोन पानं वेगळी केली आणि राशिभविष्याचं पान तिच्यापुढे धरलं.

"पडल्या पडल्या वाचा," ते म्हणाले. "वेळ जातो."

*मूत्रपिंड विभाग. खाट विसावी. बुधवार. भोजन : उ. दे., दोन्ही हात.*