डाव्या पायाखालची फळी

अण्णांनी उभं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवलं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि आपल्याकडून एखादी राहिली असेल या धास्तीत झोपायचं, असं ते काम. छापखान्यातली मंडळी पाठीमागे त्यांना पूर्णविराम म्हणत, कारण बोलता बोलता ते मधेच थांबत आणि पुढे काही येतच नसे. डावा पाय जन्मापासून आखूड. त्या पायातल्या बुटाला जाड तळ लावून घेतलेला. जिन्यावर टक्-धप्, टक्-धप् असा आवाज आला की वरचे अक्षरजुळारी गप्पा आवरून कामाला लागायचे.

निवृत्तीनंतर ते लेकीकडेच राहत होते. लेकीला दिवस गेले होते. आधीचं राहिलं नव्हतं, त्यामुळे घरात या गोष्टीबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नसे. मधल्या एका तपासणीत डॉक्टरीणबाई पडद्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. बाळाच्या डाव्या मांडीचं हाड किंचित आखूड दिसत होतं.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "आजोबांचा पाय असाच आहे म्हणता ना? त्यांच्या आधी कुणाचा होता का? पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असेल तर मला फारशी काळजी नाही. आजोबा चांगले हिंडत-फिरत आहेत. नसेल, तर मात्र आणखी खोलात जावं लागेल."

अण्णांच्या वडिलांचे पाय सरळ होते. त्यांच्या आजोबांचेही. आजोबा मिसरूड फुटायच्या आत गाव सोडून शहरात आले होते आणि त्यांनी पुन्हा तिकडचं नाव काढलं नव्हतं. ते का आले, मागे कोण राहिलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. पणजोबा खुर्च्या करायचे, एवढंच काय ते घरात उतरलं होतं, आणि गावाचं नाव.

"मी जाऊन येतो," अण्णा म्हणाले.

"तुम्ही?" लेक हसली. "अण्णा, शेजाऱ्यांकडून वर्तमानपत्र परत मागायला तुम्ही मला पाठवता."

"तरी जाऊन येतो."

गाव एका उतारावर होतं. बस पार खाली सोडायची. फाट्यावरच्या दुकानदारानं खुर्चीवाल्यांचं घर हातानंच दाखवलं. "सरळ वर. पण बसायला सांगितलं तर जरा बघून बसा हो," तो म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर हसत आत गेला. यात काय विनोद होता ते अण्णांना वरपर्यंत उमगलं नाही.

घर बैठं, दगडी, कौलारू. दारात एक म्हातारी उन्हाला पाठ देऊन उभी होती. अण्णांनी बसमध्ये मनाशी एक वाक्य जुळवून ठेवलं होतं. ते निम्म्यावर आलं आणि अडलं.

"म्हणजे शहरात निघून गेले, त्यांचे नातू," म्हातारीनं ते पुरं केलं. "मी तुमची चुलतकाकू लागते. या. बूट बाहेर काढा."

बूट काढल्यावर अण्णा एका बाजूला कलत आत गेले.

आत एकच लांबट खोली होती आणि भिंतीला पाठ लावून खुर्च्या मांडलेल्या होत्या. रुंद, अरुंद, ठेंगण्या, उंच. जोडीची अशी एकही नव्हती. लाकूड सगळीकडे एकच, काळपट लाल. खोलीला जुन्या भुशाचा आणि तेलाचा वास होता. काकू त्यांतल्या एकीत जाऊन बसल्या आणि तिच्यात अशा मावल्या की खुर्ची कुठे संपते ते कळेना.

"ही माझी," त्या म्हणाल्या. "घरातल्या प्रत्येकाला थोरल्यांनी एकेक करून दिली. थोरले म्हणजे तुमचे पणजोबा. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मला मातीत बसवलं."

"मातीत?"

"पडवीत ओल्या मातीचा ढीग असायचा. त्यावर बसवायचे, पाय खाली टेकवायला लावायचे. माणूस उठलं की खळगा राहतो ना, त्यावरून माप. टेपबिप काही नाही. म्हणायचे, टेप खोटं बोलते, बूड बोलत नाही." काकू तोंड दाबून हसल्या. "म्हणून दुसऱ्याच्या खुर्चीत कुणाला बसवत नाही. सासूबाईंच्या खुर्चीत मी एकदाच बसले. आठवडाभर कंबर धरली होती."

अण्णांना बरं वाटलं. इथे माणसं नव्हती, पण त्यांची मापं होती. त्यांनी चष्मा पुसला आणि भिंतीच्या एका टोकापासून, मुद्रित वाचावं तशा, खुर्च्या वाचायला घेतल्या. कोण जाडं होतं, कोणाचे हात लांब होते, कोण पुढे वाकून बसायचं, सगळं दिसत होतं. एक लहानखुरी खुर्ची, काकूंच्या सांगण्यावरून, आजोबांची निघाली. तिच्या हातावर कुणीतरी पोरवयात चाकूनं रेघोट्या मारल्या होत्या. पण ते शोधत होते ते पायापाशी. सगळ्या खुर्च्या जमिनीपासून दोन्हीकडे सारख्या होत्या.

शेवटून दुसरी मात्र तशी नव्हती. बैठक खोल, मागे झुकलेली. आणि पुढे डाव्या बाजूला, जिथे पाय यावा तिथे, एक छोटी फळी खुर्चीच्या पायांत पक्की बसवलेली होती. उजव्या बाजूला काही नव्हतं.

अण्णांच्या छातीवरचं ओझं उतरलं. म्हणजे होता. पणजोबांचा पाय असाच होता, आणि ते भरपूर जगले, हयातभर उभ्यानं रंधा मारला, पोरंबाळं वाढवली. डॉक्टरीणबाईंना सांगायला एवढं पुरे होतं.

"बसू का?"

काकूंनी मानेनंच हो म्हटलं.

ते बसले. उजवा पाय जमिनीला लागला, डावा फळीला. मणक्यात वर्षानुवर्षं मुक्कामाला असलेली कळ हळूच निघून गेली. दोन्ही गुडघे एका पातळीत होते. असं त्यांनी आपले गुडघे कधी पाहिलेच नव्हते. थकलेल्या माणसाला होतं तसं त्यांना झालं, डोळे मिटले.

कौलांतून पडलेला कवडसा एका खुर्चीवरून दुसरीवर सरकला.

"थोरल्यांचा पाय आखूड होता तर," शेवटी अण्णा डोळे न उघडता म्हणाले.

"छे. ताठ होते ते, खांबासारखे. त्यांची खुर्ची ती, दारापाशी."

अण्णांनी डोळे उघडले. दारापाशी एक उंच खुर्ची होती. सारख्या पायांची.

"मग ही?"

"ते आम्हालाही कळलं नाही," काकू म्हणाल्या. "त्या वर्षी मी नवीनच होते. सकाळी झाडायला गेले तर पडवीतल्या मातीत खळगा. कुणीतरी बसून उठल्यासारखा. घरातलं तर कुणी नाही, सगळ्यांची मापं होऊन गेलेली. उजव्या पायाचा ठसा चांगला खोल. डाव्याची नुसती बोटं टेकलेली."

काकूंचं वय पाहता अण्णा त्या साली रांगत असतील, इथून पार लांब, कुणालाही माहीत नसलेल्या घरात.

"थोरल्यांना दाखवलं. त्यांनी माप घेतलं आणि लागले कामाला."

अण्णांची नजर शेजारी गेली होती. त्यांच्या खुर्चीच्या आणि रांगेतल्या शेवटच्या खुर्चीच्या मधे थोडी जागा मोकळी होती. तिथल्या फरशीवर चार फिकट ठिपके होते, अगदी जवळजवळ.

"इथे काय होतं?"

"लहान खुर्ची. बाळाची म्हणा ना. मोठ्या खळग्याच्या शेजारी एक बारीक खळगाही होता. थोरल्यांनी दोन्ही केल्या. आधी ती लहान केली. फार गोड झाली होती." काकूंनी पदरानं खुर्चीच्या हातावरची धूळ पुसली. "मग ही करताना शेवटी फळीला लाकूड कमी पडलं. तेव्हा ती मोडली."

अण्णांनी खाली पाहिलं. फळीच्या कडेला एक गोलाई होती. फळीला तिचं काही काम नव्हतं. लहान मुलाची मांडी टोचू नये म्हणून बैठकीची कड घासतात, तशी ती होती.

खिशातला फोन वाजला.

"सापडलं का काही?" लेक विचारत होती.

"बघतोय. तू बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. सकाळपासून आत नुसता धिंगाणा चालला होता हो, जेवू दिलं नाही. आता मघापासून चिडीचूप. झोपलं असेल."

"मघापासून म्हणजे?"

"झाला असेल अर्धा तास. का?"

अण्णांनी डावा पाय फळीवरून उचलला.

"अगं बाई," लेक म्हणाली. "मारली बघा लाथ. आत्ता."

एकदा पाहून भागत नाही, दुसऱ्यांदा पाहायचं, ही जन्माची सवय. त्यांनी पाय पुन्हा अलगद फळीवर टेकवला.

"थांबलं," ती म्हणाली.

त्यांनी पाय उचलला.

"पुन्हा सुरू!" ती हसायला लागली. "तुमचा आवाज ओळखतं वाटतं. बोलत राहा, अण्णा."

अण्णांनी फोन मांडीवर ठेवला, खुर्चीच्या दोन्ही हातांवर रेटा दिला आणि उजव्या पायावर उठायला गेले. खोल बैठकीत ते परत मागे घसरले. पुन्हा रेटा दिला. पुन्हा घसरले.

"काकू, जरा हात द्या."

काकू आपल्या खुर्चीत तशाच बसून होत्या.

"असं नाही उठता यायचं," त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "डाव्या पायानं भार द्या. त्यासाठीच तर आहे ती."

मांडीवरच्या फोनमधून लेकीचं हसणं बारीक ऐकू येत होतं. अण्णांनी पाय अधांतरी धरला होता. फळीपासून बोटभर वर. तो हळूहळू खाली यायला लागला होता.