संध्याताईंचं परमिट

दुपारी अडीचपासून शिरीषराव गुल्हाने कॉम्प्युटरला शिव्या घालत होते आणि त्यांच्या पत्नी संध्याताई शेजारच्या खुर्चीत गप्प बसून होत्या. गप्प बसण्यावाचून त्यांना इलाज नव्हता. त्यांचा आवाजच त्या कॉम्प्युटरमध्ये अडकला होता.

दोन वर्षांपूर्वी कर्करोगामुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हा नुकतीच वाणीपट्टी निघाली होती. ती गळ्याला चिकटवायची आणि नुसते ओठ हलवायचे. स्नायूंच्या हालचाली टिपून ती घरच्या कॉम्प्युटरला पाठवी. तिथला छोटा सर्व्हर त्यांची वाक्यं बनवी आणि संध्याताईंच्या जुन्या आवाजात बोलून दाखवी. शरीरातले असले संकेत घराबाहेर जाऊ द्यायचे नाहीत, असा कायदा होता. म्हणून सर्व्हर घरात, आणि बिघडला की दुरुस्तीही घरातच.

"पाच वाजता अद्वैतचा फोन यायचाय आणि याला आजच मरायचं होतं!" शिरीषराव ओरडले.

खामगावचं घर विकून दोघांनी मेलबर्नला मुलाकडे जायचं, हे ठरल्यातच जमा होतं. आईच्या तोंडून एकदा 'हो' ऐकलं की अद्वैत आजच कागद पाठवणार होता.

पडद्यावर एकच ओळ होती: जोडणी नाकारली. शिरीषरावांनी कॉम्प्युटर चार वेळा बंद-चालू केला. वायरी काढून पुसल्या. सर्व्हरचं ठरलेलं ऐंशी नंबरचं दार, म्हणजे पोर्ट, दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमने अडवलंय का, तेही बघितलं. दार मोकळं होतं, पण आत कोणी उठायलाच तयार नव्हतं. संध्याताईंनी दोनदा वही पुढे केली. दोन्ही वेळा त्यांनी न बघताच हात झटकला. "थांब गं जरा! मला काम करू दे."

साडेचार झाले. आता डोकं आपटून घ्यायचं तेवढं राहिलं होतं. शेवटी, काहीच सुचेना म्हणून, त्यांनी परमिटची यादी उघडली.

हे परमिट त्यांचंच खूळ होतं. वीज मंडळात त्यांनी चौतीस वर्षं उपकेंद्र सांभाळलं. लाइनवर चढायचं तर आधी परमिट घ्यायचं, आणि ज्याच्या नावावर परमिट, त्याने ते परत केल्याशिवाय लाइन चालू करायची नाही. जिवाचा प्रश्न असतो. निवृत्तीनंतर हाच नियम त्यांनी घरच्या सर्व्हरला लावला होता आणि बायकोलाही हौसेने शिकवला होता. पण या घरात आपल्याशिवाय कोणी परमिट घेईल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

यादीत एकच नोंद होती. 'काम चालू आहे. सर्व्हर सुरू करू नये. संध्या गुल्हाने. दुपारी दोन पंचवीस.'

काखेत कळसा आणि गावाला वळसा! शिरीषराव वळले. "तू बंद केलंस? दोन तास बघत बसलीस? अगं, का?"

संध्याताईंनी वही तिसऱ्यांदा पुढे केली. 'ते माझं बोलणं नाही. कच्ची नोंद बघा.'

त्यांनी बघितली. डावीकडे गळ्यातून आलेले शब्द होते, उजवीकडे सर्व्हर बोलला ते.

'मला नाही जायचं.' 'बघू या, तुम्ही म्हणाल तसं.'

'सगळं तुम्हीच ठरवलंत.' 'तुम्ही आहात म्हणून काळजी नाही.'

अशी पानंच्या पानं होती. पहिले सहा महिने संध्याताई अंथरुणाला खिळून होत्या. तेव्हा प्रत्येक वाक्याला 'बरोबर आहे का?' असं यंत्र विचारी आणि उत्तराचं बटण शिरीषरावच दाबत. कानाला गोड लागलं की 'हो', टोचलं की 'पुन्हा'. यंत्राचा काही दोष नव्हता. शिकवलं तेवढं ते शिकलं होतं.

"मला आधीच लिहून का नाही दाखवलंस?"

संध्याताईंनी भराभरा लिहिलं. 'यंत्र बोललं की तुम्ही ऐकून मोकळे. वहीकडे कोण बघतं?'

शिरीषरावांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. त्यांनी शिकवलेला तो सगळा भाग पुसून टाकला. संध्याताईंनी अंगठा टेकवून परमिट परत केलं. सर्व्हर पहिल्या झटक्यात उठला, तेवढ्यात फोन वाजला.

"अद्वैत," संध्याताईंचा आवाज खोलीत घुमला, "मला यायचं नाही. मी खामगाव सोडणार नाही." पलीकडून मुलगा म्हणाला, "आई, तू असं कधी बोलली नव्हतीस."

शिरीषरावांनी फोन ठेवला. एक गोष्ट त्यांना राहून राहून खात होती.

"संध्या, ही पट्टी दोन वर्षांची. त्याआधी छत्तीस वर्षं तू स्वतःच्या गळ्यातून 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणायचीस. ते तरी तुझं होतं ना?"

संध्याताईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि सावकाश ओठ हलवले.

"तेव्हा कच्ची नोंद कोण ठेवत होतं हो?"