मागची सीट

विम्याचा फॉर्म मीच भरायला घेतला, कारण नवऱ्याचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि डाव्या हाताचं त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मोटरसायकल वळणावर घसरली, दुसरं वाहन नाही, दुसरं कुणी जखमी नाही. एवढं लिहायला कितीसा वेळ लागणार? पण सर्व्हेअर गाडी बघून गेल्याशिवाय फॉर्म द्यायचा नव्हता.

माझं शिवणकाम आहे. माणूस दारातून आत आला की त्याचं माप माझ्या डोळ्यांना कळतं. टेप लावते ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. त्या मोटरसायकलचं सीट कव्हरही मीच शिवलेलं, दुहेरी टीप घालून. मात्र त्यावर मी कधी बसले नाही. दोन चाकांवर मला गरगरतं. लग्नाला अकरा वर्षं झाली, हा गाडीवर आणि मी बसनं. मागची सीट रिकामी असते, असं मी आपलं धरून चालले होते.

सर्व्हेअर गॅरेजमध्ये आला. शांत, टापटिपीचा माणूस. त्यानं चारी बाजूंनी फोटो काढले. चेसिस नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल घासली, तसे आकडे एकेक करून कागदावर उमटले. मग गाडीवर बसून त्यानं मागचे शॉकअप पाहिले.

"एक माणूस बसला की बोटभर दबतात," तो मिस्त्रीला म्हणाला. "पण हे रोज दोन माणसांच्या वजनानं झिजलेत." मग माझ्याकडे वळला. "मागच्या बाईंना फार नाही ना लागलं?"

"कुठल्या बाईंना?"

त्यानं वही चाळली. "वळणावरच्या दुकानदारानं दोघांना उठवलं म्हणे. मागे बसणाऱ्याचाही विमा आहे तुमचा. फॉर्मात लिहा, म्हणजे झालं."

मिस्त्री उगाचच पाना शोधायला लागला.

"कोण होती?" घरात पाऊल टाकताच मी विचारलं.

नवरा हात गळ्यात अडकवून खुर्चीत बसला होता. "कोण कोण होती?"

"मागे बसलेली."

"डोकं फिरलंय का तुझं? मी एकटा होतो."

खोटं बोलताना हा कान खाजवतो. आज नाही खाजवला. त्यानं मी जास्तच पेटले.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गॅरेज गाठलं. हसा खुशाल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि मला दुसरं काही मोजता येत नाही. कव्हरचा पुढचा भाग खरचटला होता. मागच्या भागात खळगा पडला होता, दोन्ही बाजूंची माझी टीप ताणून पांढरी झालेली. मी टेप लावली आणि खळग्यावरून बसणारीच्या हिपचं माप काढलं. जास्तीत जास्त चौतीस. माझं माप बेचाळीस आहे.

गाडी चार दिवस सावलीत उभी होती. खळग्यातलं रेक्झिन मात्र कोमट लागलं. पत्र्याच्या छपराला दोष देऊन मी घरी आले.

'मागे बसलेली व्यक्ती' या रकान्यात मी मुद्दाम लिहिलं: एक स्त्री, सडपातळ. दुखापत नाही. बघू या कसा खवळतो ते. फॉर्म त्याच्या पुढ्यात टाकला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

त्यानं सावकाश वाचलं. खवळला नाही. पाच दिवसांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैल पडला.

"खरंच लागलं नाही ना तिला?" तो हळूच म्हणाला.

माझ्याशी तो त्या आवाजात शेवटचं कधी बोलला होता, मला आठवेना.

"कुणाला?"

"अं?" झोपेतून उठल्यासारखा त्यानं माझ्याकडे बघितलं. "कुणाला काय?" आणि डाव्या हातानं सही करून टाकली.

रागाच्या भरात फॉर्म मीच देऊन आले. रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून सकाळी ती ओळ काढून टाकायला सर्व्हेअरच्या ऑफिसात गेले.

"आता खाडाखोड चालणार नाही," तो म्हणाला. "ती नोंद काढायची तर त्या बाईंचीच सही लागेल."

म्हणजे स्वतःच्या हातानं सवत लिहून दिली मी.

क्लेम पास झाला. प्लास्टर निघालं, गाडी नवे शॉकअप लावून घरी आली. नवं कव्हर मीच शिवलं. कडक फोम घातला, मागची जागा बरोबर माझ्या मापाची बेतली. मांजरालासुद्धा जागा उरणार नाही अशी.

"उद्यापासून मी मागे बसणार," मी सांगून टाकलं.

"तुला गरगरतं."

"गरगरू दे."

सकाळी तो गाडीवर बसला. गाडी बोटभर दबली.

मी बसले. आणखी बोटभर दबली. त्याच्या खांद्यावर घट्ट हात ठेवला. माझा नवरा, माझी सीट.

"निघ," मी म्हणाले.

तो निघाला नाही. आरशात बघत होता. माझ्याकडे नव्हे, माझ्या मागे.

"निघ ना."

"थांब जरा."

गाडी आणखी बोटभर दबली.

"तू थोडी पुढे सरक," तो मला म्हणाला आणि त्यानं गिअर टाकला.